ठाण्याच्या खाडींतील पक्षी व आपली पाणथळ जमीन

जमिनीच्या दप्तरांत ‘पोटखराब’ या शब्दाइतका उपेक्षित शब्द दुसरा क्वचितच असेल. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीचें क्षेत्र खातेदार बारकाईनें पाहतो, आकाराचे रुपये-पैसे दोनदां वाचतो. पण पोटखराबीच्या रकान्यावरून त्याची नजर सहज पुढें सरकते. खडक, ओघळ, नाला, पाणथळ खोलगा, तळ्याची कड, असें सारें त्या एका शब्दांत कोंबलेलें असतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं हा शब्द हजारों वेळां लिहिला आहे. ज्या जमिनीला आकार नाहीं तिचें उत्पन्न नाहीं, आणि जिचें उत्पन्न नाहीं तिचा उपयोग नाहीं, ही समजूत दप्तरांतून निघून शेतकऱ्याच्या मनांत केव्हां जाऊन बसली, हें कोणालाच सांगतां येणार नाहीं.

या समजुतीचा फेरविचार करावयास लावणारी एक जागा गेल्या फेब्रुवारींत आमच्या पाहण्यांत आली. ती मुंबई, ठाणें व नवी मुंबई या शहरांच्या मध्यें आहे. तेथें नांगर चालत नाहीं, पेरा होत नाहीं. आहे तो नुसता खारा चिखल. आणि त्या चिखलावर लाखाच्या आसपास पक्षी दरवर्षीं आपला हिवाळा काढतात. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें कारण केवळ करमणूक हें नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या शेतांत चिखलाचा एखादा तुकडा आहे आणि त्याचें काय करावें हा प्रश्न हल्लीं घरोघर निघूं लागला आहे.

प्रश्न निघण्यास कारणहि तसेंच आहे. पोटखराबीचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे शेतीस अयोग्य म्हणून आकारणींतून वगळलेली जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, स्मशान, इतरांच्याहि वापराचें तळें वा ओढा, अशा कारणांनीं राखून ठेवलेली जमीन. सन २०१८ मध्यें शासनानें नियम दुरुस्त केले व वर्ग ‘अ’ मधील जमीन शेतकऱ्यानें लागवडीखालीं आणली असल्यास ती लागवडीच्या क्षेत्रांत घेऊन आकारणी करण्याची वाट मोकळी केली. ज्यांनीं घाम गाळून खडकाची माती केली त्यांना यामुळें न्याय मिळाला, याबद्दल वाद नाहीं. परंतु त्या वाटेनें खडकाबरोबर पाणथळहि नांगराखालीं जाऊं लागली. खडक आणि पाणथळ यांचा हिशेब एकच आहे काय, हें आम्हांस पाहावयाचें होतें.

जाण्याचें निमित्त

आमच्या मंडळाच्या पांच सभासदांनीं मिळून ही सफर केली. त्यांतील एकांना येथें नुसतें आबा म्हणूं. आबांची जमीन घाटावर, काळी, चांगल्या प्रतीची. तिच्या एका कोपऱ्यांत अठरा गुंठ्यांचा खोलगा आहे. पावसाचें पाणी तेथें पौष महिन्यापर्यंत उभें राहतें, कडेला लव्हाळा माजतो, आणि सुगीच्या दिवसांत बगळे व पाणकोंबड्या तेथें वस्तीला असतात. आबांच्या दोघां मुलांचा विचार, मुरूम टाकून हा खोलगा बुजवावा आणि उंसाचें क्षेत्र वाढवावें असा होता. मुरमाच्या गाड्यांचे दरहि त्यांनीं काढून ठेवले होते. आबांचा त्याला विरोध नव्हता. ते आमच्याबरोबर आले ते नातवंडांच्या पुस्तकांतला गुलाबी पक्षी एकदां डोळ्यांनीं पाहावा, एवढ्याच हौसेनें.

वाटेंत आम्हीं पाणथळीचा विषय काढतांच ते म्हणाले, “भाऊसाहेब, बगळे मोजून सोसायटीचा हप्ता फिटत असेल तर सांगा, मी आजपासून मोजावयास बसतों.” हा सवाल खरा होता. दिवसभर तो आमच्याबरोबर राहिला, आणि या लेखांतहि त्याला बगल देण्याचा आमचा विचार नाहीं.

खाडी व तिचें दप्तर

ठाण्याची खाडी सुमारें २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या पश्चिमेस मुलुंड, भांडुप व विक्रोळी, पूर्वेस ऐरोली, घणसोली व वाशी. दोन्ही तीरांवर तिवरांचें दाट रान आणि त्याच्या पाठीशीं, विशेषतः पश्चिम अंगास, मिठागरें. पूर्वीच्या लोकांना हें रान सरपणापुरतें ठाऊक होतें. शहरें वाढलीं तशी तिवरें तोडून, चिखलावर भराव घालून जागा काढण्याची रीत पडली. खाऱ्या चिखलाचा तुकडा भराव पडतांच सोन्याच्या भावानें विकला जाऊं लागला. मग त्याला चिखल म्हणून राहूं देण्यास कोण तयार होणार?

या रीतीला पायबंद बसला तो न्यायालयामुळें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनाच्या तोडीस मनाई केली आणि सरकारी जमिनीवरील कांदळवन महसूल खात्याकडून वनखात्याकडे देण्यास सांगितलें. २०१८ च्या निकालानें हें धोरण पक्कें झालें. मधल्या काळांत, २०१२ सालीं, वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला, आणि ६ ऑगस्ट २०१५ रोजीं खाडीचें सुमारें १६९० हेक्टर क्षेत्र, म्हणजे जवळजवळ ४१७५ एकर, ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर झालें. यांतील निम्म्याहून अधिक भाग तिवरांचा असून बाकीचा पाण्याचा व चिखलाचा आहे. पुढें २०२२ सालीं भोंवतालच्या क्षेत्रासह ६५२१ हेक्टरांचा समावेश ‘रामसर’ यादींत झाला. रामसर हें इराणांतील गांव. तेथें २ फेब्रुवारी १९७१ रोजीं अनेक देशांनीं पाणथळ जागा राखण्याचा करार केला, म्हणून जगांतील मोलाच्या पाणथळींच्या यादीला त्या गांवाचें नांव मिळालें. आपल्या राज्यांतील नांदूर मध्यमेश्वर व लोणार हीं दोन ठिकाणें त्या यादींत आधींच होतीं.

आमच्यासारख्या जुन्या कारकुनाला यांतील खरी नवलाई निराळ्याच ठिकाणीं दिसली. जमीन तीच, चिखल तोच. बदलली ती दप्तरांतली नोंद. परंतु त्या नोंदीनें चार हजार एकरांचें नशीब फिरलें.

होडींतून

ऐरोलीच्या तीरावर कांदळवन कक्षाचें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून खाडींत होड्या सोडतात. होडीची वेळ घड्याळावर नसून भरती-ओहोटीवर असते. पूर्ण भरतीला चिखल झांकला जातो आणि पक्ष्यांना पाय टेकावयास जागा उरत नाहीं. पूर्ण ओहोटीला होडीच रुतते. मधल्या वेळीं पाणी होडीपुरतें खोल व चिखल पक्ष्यांपुरता उघडा असतो. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांचा हिशेब किनाऱ्यावरचे कोळी बोटांवर करतात. आम्ही घाटावरचे लोक पावसाचीं नक्षत्रें मोजणारे. आम्हांला ही विद्या नवी होती, पण तिचा स्वभाव ओळखीचा वाटला.

होडी तिवरांच्या कडेनें निघाली. तिवराचीं मुळें जमिनींतून वर येऊन पेन्सिलीच्या टोकांसारखीं हजारोंनीं उभीं होतीं. चिखलांत हवा नसते, म्हणून हें झाड श्वास घेण्यासाठीं मुळें वर काढतें, असें बरोबरच्या मार्गदर्शक ताईंनीं सांगितलें. पाणी तुंबलेल्या रानांत कपाशी कां पिवळी पडते हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला ही युक्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं. फांदीवर खंड्या बसला होता. पुढें राखी बगळा एका पायावर स्थिर उभा होता. घारी डोक्यावर फिरत होत्या, कुरव व सुरय पाण्यावरून जात होते.

मग चिखलाचा उघडा पट्टा लागला आणि त्यावर लांबवर गुलाबी कड दिसूं लागली. नाखव्यानें इंजिनाचा वेग कमी केला व पुढें तें बंदच केलें. कोणी मोठ्यानें बोलूं नये, उभें राहूं नये, पक्षी उडवूं नयेत, असा तेथला दंडक आहे आणि तो योग्य आहे. उडालेल्या पक्ष्याचें खाणें बुडतें. भरती येण्यापूर्वीचे चार घटका हीच त्याची जेवणाची वेळ असते.

इंग्रजींत ज्याला फ्लेमिंगो म्हणतात त्याला मराठींत रोहित असें सुंदर नांव आहे. खाडींत दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित पुरुषाच्या छातीपर्यंत उंच, अंगानें पांढुरका, पंखांत गुलाबी, चोंच फिकी व टोंकाला काळी. लहान रोहित त्याच्या मानानें बुटका, रंगानें अधिक गडद आणि चोंच काळपट तांबडी. खाडींत संख्या लहान रोहितांची फार मोठी आहे. थंडीच्या तोंडाशीं त्यांचे थवे उतरूं लागतात आणि पावसाळ्यापूर्वी बहुतेक परततात. त्यांचें घर गुजराथेंत, कच्छच्या रणाकडे. डॉ. सालिम अली यांनीं रणांतील रोहितांच्या वसाहतीची पाहणी १९४५ सालीं केली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ पासून चालत आलेली संस्था आजहि या पक्ष्यांचा माग काढते. २०२२ सालीं तिनें कांहीं लहान रोहितांच्या अंगावर उपग्रहाशीं बोलणारीं छोटीं यंत्रें बसविलीं, तेव्हां खाडी आणि गुजराथ यांमधील त्यांची ये-जा स्पष्ट दिसून आली.

रोहिताची जेवण्याची रीत पाहण्याजोगी आहे. तो मान खालीं सोडतो आणि चोंच उलटी करून पाण्यांत धरतो. जिभेनें पाणी आंत ओढतो व बाहेर लोटतो. चोंचीच्या कडांना बारीक दांत्यांची चाळण असते, तींत खाणें अडकून राहतें. लहान रोहिताची चाळण इतकी बारीक कीं, डोळ्यांना न दिसणारें शेवाळ तींत धरलें जातें. मोठ्याची चाळण जाड. तो बारीक कोळंबी, अळ्या, किडे टिपतो. त्यांचा गुलाबी रंगहि या खाण्यांतूनच येतो. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीचीं द्रव्यें शेवाळांत असतात, तीं पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतां करडें असतें, आणि गुलाबी होण्यास त्याला कांहीं वर्षें लागतात.

“ही तर सुपांत पाखडण्याचीच तऱ्हा,” आबा दुर्बिणींतून डोळा न काढतां म्हणाले. त्यानंतर बराच वेळ दुर्बीण दुसऱ्या कोणाच्या हातीं लागली नाहीं.

चिखल म्हणजे एक शेतच

रोहितांच्या पलीकडे लहान पक्ष्यांची दाटी होती. लांब तांबड्या पायांचे शेकाट्ये, लांब सरळ चोंचीचे पाणटिवळे, सारखे शेपूट हलविणारे तुतवार, धांवत जाऊन एकदम थबकणारे चिखल्ये. यांतील पुष्कळ पक्षी उत्तर आशियांतून हजारों मैल उडून येतात. एवढे सारे पक्षी एका चिखलावर चरतात आणि त्यांच्यांत भांडण फारसें दिसत नाहीं, याचें आम्हांला कुतूहल वाटलें. ताईंनीं चोंचींकडे पाहावयास सांगितलें. ज्याची चोंच आंखूड तो वरच्या थरांतला किडा टिपतो. ज्याची लांब तो खालच्या थरांतला. ज्याचे पाय उंच तो पाण्यांत चरतो, बुटका कडेला. आपण ज्वारींत तूर पेरतों ती याच हिशेबानें: एकीचें मूळ वर, दुसरीचें खोल, म्हणून एकाच वावरांत दोघींचें भागतें.

या शेताला खत कोण घालतें ? तिवरांचीं पानें वर्षभर गळतात, चिखलांत कुजतात. खेकडे व किडे तीं फोडतात. त्यावर शेवाळ व सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर कोळंबी व माशांचीं पिल्लें पोसतात. मासळीचीं पिल्लें तिवरांच्या मुळांत आसरा घेतात, म्हणून कोळी लोक तिवरांना मासळीचें माहेर समजतात. पेरणी नाहीं, कोळपणी नाहीं, पण पीक बारमहा.

मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. पक्षी पुष्कळ आहेत म्हणून पाणी निर्मळ आहे असें कोणी समजूं नये. शहरांचें सांडपाणी खाडींत येतें. त्यांतील नत्र व स्फुरद यांमुळें शेवाळ माजतें आणि तें खाणारा लहान रोहित वाढतो, असें अभ्यासक सांगतात. मुंबईच्या किनाऱ्यावर रोहित मोठ्या संख्येनें दिसूं लागले ते १९९० नंतरच्या दशकांत. जादा युरिया घातलेलें पीक कांहीं दिवस हिरवेंगार दिसतें व पुढें किडीला बळी पडतें, हा आपला अनुभव आहे. खाडीची आजची भरभराट कांहीं अंशीं त्या जातीची आहे. घाण याहून वाढली तर पाण्यांतला प्राणवायु संपेल आणि मग शेवाळहि कामास येणार नाहीं.

हद्दीबाहेरचीं ठिकाणें

अभयारण्याची हद्द नकाशावर आंखलेली आहे, पण पक्षी नकाशा वाचीत नाहीं. भरतीला चिखल बुडाला कीं रोहित उठून दुसरीकडे जातात. नेरूळ-सीवूड्स भागांतील उथळ तळीं हीं त्यांची विसाव्याचीं ठिकाणें आहेत. तीं अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत अशा एका तलावांत भरतीचें पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, पाणी आटलें, आणि कांहीं रोहित मरून पडलेले आढळले. त्याच वर्षीं २० मे रोजीं रात्रीं घाटकोपरच्या आकाशांत उतरत्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि चाळिसांच्या आसपास पक्षी मेले. थवा रात्रीं त्या वाटेनें कां निघाला याविषयीं निरनिराळीं मतें निघालीं, त्यांत आम्ही शिरत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, गोठा राखला पण कुरण विकलें तर गुरें राखलीं असें होत नाहीं.

पाणथळीचा माणसाला होणारा उपयोगहि याच शहरांत दिसून आला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याहि शहराला झेपला नसता, हें खरें. परंतु मिठी नदीच्या कांठची पाणथळ व तिवरें भरावाखालीं गेलीं होतीं, त्यामुळें पाण्याला पसरावयास जागा उरली नव्हती, हा निष्कर्ष त्यानंतर पुष्कळ जाणत्यांनीं काढला. पाणी आपली जुनी जागा विसरत नाहीं, ही गोष्ट नदीकांठच्या कोणत्याहि शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे काय करावें ?

आतां आबांच्या सवालाकडे वळूं. बगळे मोजून हप्ता फिटत नाहीं. अठरा गुंठे ऊंस झाला तर त्याचे पैसे हातांत दिसतात. खोलग्याचे पैसे कोणाच्या हातांत दिसत नाहींत. हा फरक लपविण्यांत अर्थ नाहीं. पण खोलगा बुजविण्यापूर्वी त्याच्या हिशेबाच्या सर्व बाजू तरी मांडाव्या, असें आमचें म्हणणें आहे.

पहिली बाजू, पाणथळ कोणत्या जातीची आहे ही. कालव्याच्या अतिपाण्यानें चिबडलेली किंवा क्षारपड झालेली जमीन ही रोगी जमीन होय. सांगली-कोल्हापूरकडे नदीकांठीं अशी जमीन पुष्कळ आहे. तिला चर किंवा भूमिगत निचरा करून सुधारणें हेंच योग्य, आणि या लेखाचा आधार घेऊन कोणी ती तशीच ठेवूं नये. आमचें बोलणें आहे तें पिढ्यान् पिढ्या पाणी धरणाऱ्या नैसर्गिक खोलग्याबद्दल, जुन्या गांवतळ्याबद्दल, ओढ्याच्या पसरट कांठाबद्दल.

दुसरी बाजू पाण्याची. खोलगा हा पावसाचें पाणी थोपवितो व सावकाश मुरवितो. तो बुजविला कीं तेंच पाणी शेजाऱ्याच्या वावरांत शिरतें. कचेरींत बांधाच्या तंट्यांखालोखाल तंटे येतात ते पाण्याच्या वाटेचे. सन १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा वाचकांस ठाऊक असेल. पृष्ठभागावरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कोणी अडथळा केला तर तो दूर करविण्याचा अधिकार त्या कायद्यानें तहसीलदाराला आहे. मुरमाचा खर्च करून वर असा दावा ओढवून घेणें परवडत नाहीं.

तिसरी बाजू कायद्याची. पोटखराब वर्ग ‘ब’ ची असल्यास ती नांगरण्याचा विचारच सोडावा. उलट पक्षीं, पाणथळीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांची उगीच भीतिहि बाळगूं नये. भातखाचरें आणि सिंचनासाठीं मुद्दाम बांधलेलीं तळीं त्या नियमांतून वगळलेलीं आहेत.

चौथी बाजू पक्ष्यांची. पक्षी सारेच शेतकऱ्याचे मित्र असतात असें म्हणणारा मनुष्य हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसलेला नसावा. पोपट व चिमण्या कणसें फोडतात, जांभळी पाणकोंबडी भाताची रोपें मोडते. त्यासाठीं गोफण लागणारच. परंतु जमाखर्चांत दोन्ही बाजू लिहितात. गायबगळा नांगरामागून हुमणी वेंचतो. साळुंकी टोळ व नाकतोडे खाते. कोतवाल हरभऱ्यांतली घाटेअळी टिपतो, म्हणूनच शेतकी खात्याचे लोक पिकांत पक्षीथांबे उभारा असें सांगतात. गव्हाणी घुबडाचें मुख्य अन्न उंदीर. यांतील बगळ्यासारख्यांना जवळ पाणी व निवांत जागा लागते. आपण थांबे उभारले आणि पाणवठा बुजविला, तर थांब्यावर बसणार कोण ?

शेती आणि पक्षी यांचें एकत्र नांदणें कसें असतें हें ज्यांना आपल्या मुलखांत पाहावयाचें असेल त्यांनीं निफाड तालुक्यांत नांदूर मध्यमेश्वरास जावें. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधला तो शेतीच्या पाण्यासाठीं. गाळ सांचून तेथें उथळ बेटें व पाणथळ तयार झाली, पक्षी आले, १९८६ सालीं तें अभयारण्य झालें, आणि २०२० च्या जानेवारींत रामसर यादींत जाण्याचा महाराष्ट्रांतील पहिला मान त्याला मिळाल्याचें जाहीर झालें. भोंवतीं शेती आजहि चालू आहे.

यावरून आमच्या सूचना थोड्या आहेत. खोलग्याचा उतारा व वर्ग आधीं तपासावा. बुजवावयाचाच झाला तर सबंध न बुजवितां मधला खोल भाग राखावा. कडेचा लव्हाळा सारा जाळूं नये. पाणकोंबडी घरटें त्यांतच करते. फवारणीचें भांडें व पंप त्या पाण्यांत धुवूं नये. आणि एक वर्षभर, दर महिन्याला एकदां, सकाळीं अर्धा तास तेथें बसून कोणते पक्षी किती आले याची वहीत नोंद करावी. मुलांना हें काम आवडतें. कै. मारुती चितमपल्ली यांनीं वनखात्यांतली नोकरी करीत असतां पक्ष्यांचीं शेंकडों मराठी नांवें लोकांच्या तोंडून गोळा केलीं; तीं नांवें आपल्याच आजोबा-पणजोबांनीं शेतांत उभें राहून ठेवलेलीं आहेत.

आबांच्या खोलग्याचें काय झालें, हें वाचक विचारतील. घरीं परतल्यावर त्यांनीं मुलांना बरोबर घेऊन जागा पुन्हां पाहिली. खोलग्याच्या खालच्या अंगास त्यांची विहीर आहे आणि ती चैत्रापर्यंत टिकते. शेजारच्यांच्या विहिरी शिमग्यालाच तळ दाखवितात. त्याचें कारण खोलगाच आहे असें एका विहिरीवरून ठरवितां येणार नाहीं, पण तो बुजवून परीक्षा पाहण्याची आबांची तयारी नाहीं. कडेचे उंच सहा गुंठे मुलांनीं लागवडीस घेतले. मधले बारा गुंठे तसेच राहिले. त्या बारा गुंठ्यांचा ऊंस बुडाला तो तोटाच, आणि आबा तो तोटा म्हणूनच सांगतात. थोरल्या मुलाला हा निवाडा अद्याप पटलेला नाहीं. धाकट्यानें मात्र वही घातली आहे.

ज्या सभासदांना खाडीचे पक्षी पाहावयाचे असतील त्यांनीं थंडीचे दिवस निवडावे, केंद्राकडे भरती-ओहोटीची वेळ आधीं विचारून मगच गाडींत बसावें, अंगावर भडक कपडे घालूं नयेत आणि दुर्बीण मिळाल्यास बरोबर न्यावी. परत आल्यावर आपल्या शिवारांतील पाणथळ एकदां जाऊन पाहावी, आणि तेथें जें आढळेल तें मंडळाकडे कळवावें. येत्या हिवाळ्यांत आलेल्या नोंदी एकत्र करून याच मासिकांत देण्याचा आमचा विचार आहे.